‘ही लिंक खरी हाय का बघ की’: रोजच्या प्रश्नाचं निवारण

समस्या अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर एक निळी ओळ येते. वर अशोकस्तंभाचं चित्र, खाली ‘अर्जाची शेवटची तारीख आज’. पाठवणारं माणूस अनोळखी नसतं. नणंद असते, भिशीतली मैत्रीण असते, नाहीतर वॉर्डातला कार्यकर्ता. मग फोन काउंटरवर ठेवून विचारणा होते, ‘ही लिंक खरी हाय का बघ की.’ सोलापुरात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या आमच्यासारख्या कुठल्याही दुकानात जा, हा प्रश्न रोजचा. त्या लिंकपुरतं उत्तर दिलं की काम भागतं, पण पुढच्या आठवड्यात तेच माणूस दुसरी लिंक घेऊन हजर. म्हणून एकेका लिंकचा निकाल देत बसण्यापेक्षा निकाल लावायचा कसा, तेच एकदा सविस्तर लिहितोय.

आधी एक गुंता सोडवू. या एका प्रश्नात दोन प्रश्न अडकलेले असतात. ही साइट नक्की कुणाची, हा पहिला. तिथं लिहिलेलं खरं आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पत्त्यात असतं आणि सवय झाली की क्षणात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर पत्त्यात नसतं, ते दुसरीकडं जाऊन शोधावं लागतं. लोक पहिल्याचं उत्तर न काढताच दुसऱ्यावर वाद घालत बसतात आणि तिथंच फसतात.

खालचे सगळे पत्ते देवनागरीत लिहिलेत. फोनवर ते इंग्रजी अक्षरांत दिसतील. फायदा एवढाच की इथून चुकूनसुद्धा कशावर बोट पडणार नाही.

पत्ता कुठून वाचायचा

विडी घरकुल वसाहतीतल्या एक अक्का मेसेज घेऊन आल्या होत्या. बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती, आजच अर्ज करा, नोंदणी फी फक्त ४९ रुपये. आता गंमत बघा, अशी शिष्यवृत्ती खरोखर आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाची आहे आणि तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून भरतात. त्यामुळं ‘असली योजनाच नसते, जा घरी’ असं म्हणून त्यांना वाटेला लावणं चूक ठरलं असतं. फसवणारे हल्ली योजना मनानं रचत नाहीत. खरी योजना उचलतात आणि दार तेवढं आपलं लावतात. फी मागितली ही पहिली खोट होती, कारण त्या पोर्टलवर अर्जाला पैसे लागत नाहीत. पण फी मागितली नसती तरी पत्त्यानं सांगितलंच असतं. पत्ता साधारण असा होता:

एचटीटीपीएस://स्कॉलरशिप्स.जीओव्ही.इन.काहीतरी-फॉर्म.एक्सवायझेड/बिडी/अर्ज?आयडी=४४७१

‘सुरुवातीलाच जीओव्ही लिहिलंय की, अण्णा.’ अक्कांचं म्हणणं बरोबर होतं, लिहिलेलं होतंच. म्हणून तर पत्ता सुरुवातीपासून वाचायचा नाही. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा ओलांडा. (ज्यांनी वेब तयार केलं त्या टिम बर्नर्स-ली यांनीच २००९ मध्ये कबूल केलं होतं की या दोन रेघांची तशी गरज नव्हती.) त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ कुठं येते ती शोधा. आपल्या कामाचं जे काही आहे ते तिच्या डावीकडं. उजवीकडं ‘बिडी’, ‘अर्ज’, ‘जीओव्ही’, ‘मंत्रालय’ काहीही लिहिलेलं असू दे, ते साइटवाल्यानं स्वतःच्या मर्जीनं ठेवलेलं नाव असतं. आता त्या रेघेवर बोट ठेवून उलटं वाचत या: एक्सवायझेड, त्याआधी काहीतरी-फॉर्म. झालं, मालक सापडला. त्याच्याही डावीकडं जे ‘स्कॉलरशिप्स डॉट जीओव्ही डॉट इन’ दिसतंय ते या मालकानं स्वतःच्या पत्त्यापुढं जोडलेलं शेपूट आहे, फक्त पुढच्या बाजूला.

पाकिटावरच्या पत्त्यासारखंच आहे हे. आधी नाव, मग घर, मग पेठ, शेवटी गाव आणि जिल्हा. पहिल्या ओळीत ‘मा. जिल्हाधिकारी’ लिहिलं म्हणून पाकीट कलेक्टर कचेरीत जात नाही. शेवटच्या ओळीत ज्या गावाचं नाव असेल तिकडं जातं.

खऱ्या पोर्टलचा पत्ता ‘स्कॉलरशिप्स डॉट जीओव्ही डॉट इन’ आणि त्यानंतर लगेच तिरकी रेघ. ‘जीओव्ही डॉट इन’ ही जोडी शेवटी आहे, आणि ती बाजारात मिळत नाही. सरकारी कार्यालयांनाच मिळते, तीही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत (एनआयसी). ‘एसी डॉट इन’ शिक्षण संस्थांसाठी राखीव आहे. आपल्या विद्यापीठाचा पत्ता ‘एसयूएस डॉट एसी डॉट इन’ असा आहे तो त्यामुळं. उलट नुसतं ‘डॉट इन’, ‘को डॉट इन’, ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ओआरजी’ कुणालाही थोड्या पैशांत घेता येतं. ओआरजी म्हणजे सामाजिक संस्था असणार, हा समज फार पक्का बसलाय लोकांच्या डोक्यात. काढून टाका. ‘सोलापुरी चादर’ हे नाव घालून कुणी पत्ता घ्यायला गेला, तर विकणारा त्याला घरी माग आहे का म्हणून विचारत नाही. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्यामुळं ऑनलाइन ‘नव्वद टक्के सूट’वाला माल सोलापूरचा होत नाही.

सरकारी, पण जीओव्ही नसलेले

एवढं शिकवलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. ‘जीओव्ही नाही म्हणजे खोटं.’ हे अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात खूप लोक अडकतात. महावितरणचा अधिकृत पत्ता ‘महाडिस्कॉम डॉट इन’ आहे. रेल्वे तिकिटाचा ‘आयआरसीटीसी डॉट को डॉट इन’. राज्याच्या सीईटी सेलचा शेवट तर ‘महासीईटी डॉट ओआरजी’ असा होतो. आता सांगा, ओआरजी कुणालाही मिळतं म्हणून सांगितल्यावर बारावीच्या पोरानं सीईटीचा फॉर्म कुठल्या धीरानं भरायचा? सरकारनं सगळं एकाच जोडीखाली आणलं असतं तर आमचं अर्धं काम वाचलं असतं.

म्हणून नियम असा धरा. शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असेल तर दार सरकारचं. नसेल तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, खरंही नाही आणि खोटंही नाही. मग पत्ता मेसेजमधून घ्यायचा नाही, ज्या कागदावर आधीपासून विश्वास आहे त्यावरून घ्यायचा. वीजबिलावर महावितरणचा पत्ता छापलेला असतो. कॉलेजच्या सूचनाफलकावर सीईटीचा असतो. नाहीतर खात्याच्या पक्क्या सरकारी पानावर जायचं आणि तिथल्या दुव्यावरून पुढं सरकायचं. गाड्यांच्या नव्या सुरक्षा नंबरप्लेटचं असंच आहे. प्लेट बसवणाऱ्या कंपन्यांचे पत्ते जीओव्हीचे नाहीत, पण परिवहन विभागाच्या ‘ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’वरून गेलात की योग्य कंपनीच्याच पानावर पोचता. सर्चमध्ये ‘नंबर प्लेट बुकिंग’ टाकून वरचं पहिलं पान उघडलंत तर नशिबाचा खेळ. सर्चच्या पहिल्या ओळीवर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, म्हणजे ती जागा पैसे भरून घेतलेली. ‘कस्टमर केअर नंबर’ असा शोध तर घेऊच नका. नंबर एटीएम कार्डाच्या मागं, पासबुकावर, बिलावर असतो, तो वापरा.

मराठी नावांची एक वेगळीच अडचण आहे. इंग्रजी अक्षरांत ती कशी लिहायची याला काही नियमच नाही. लाडकी बहीण योजनेच्या खऱ्या पत्त्यात ‘लाडकी’ लिहिताना डी आणि के यांच्यामध्ये एक ए आहे; बहुतेक लोक तो न घालता लिहितात. असा एकेका अक्षराचा फरक करून दहा पत्ते घेणं कुणालाही जमतं, आणि २०२५ मध्ये ई-केवायसीची घाई सुरू झाली तेव्हा नकली पानं निघालीच. अशा वेळी स्पेलिंग पाठ करायच्या भानगडीत पडायचं नाही. शेवट ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे का, एवढंच बघायचं.

बँकांच्या बाबतीत गोष्ट सोपी झालीय, पण अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. रिझर्व्ह बँकेनं भारतातल्या बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ ही जोडी राखून ठेवली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिकडं यायला सांगितलं. स्टेट बँकेचा पत्ता आता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ आहे. यातले ठिपके नीट बघा. ‘एसबीआय-बँक डॉट इन’, म्हणजे मधे ठिपक्याऐवजी आडवी रेघ, हा पूर्ण वेगळा पत्ता होतो. त्यात राखीव जोडी उरतच नाही. ‘एसबीआय-बँक’ नावाचं नुसतं डॉट इन उरतं. एका बारीक चिन्हाचा फरक, आणि तोही फोनच्या पडद्यावर चष्म्याशिवाय. बोटांनी पडदा मोठा करून बघायला लाजू नका. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिच्याकडं बँक डॉट इन असणार नाही. तिचा पत्ता शाखेत जाऊनच विचारा.

डोळा चुकवणाऱ्या बाकीच्या युक्त्या

पत्त्यात पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या आधी ‘अ‍ॅट’चं चिन्ह, ईमेलमध्ये असतं ते, दिसलं तर त्याच्या आधीचं सगळं ब्राउझर बाजूला टाकतो आणि पुढच्या पत्त्यावर जातो. ‘जीओव्ही डॉट इन अ‍ॅट काहीतरी’ म्हणजे ‘काहीतरी’. इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवले की एमसारखे दिसतात. छोटा एल आणि मोठा आय तर जुळे भाऊ. याहून बेरकी प्रकार म्हणजे रशियन लिपीतलं ‘ए’. दिसायला हुबेहूब, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळं अक्षर. ब्राउझर बऱ्याच वेळा असा पत्ता पकडतात आणि तो ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा अशा विचित्र रूपात दाखवतात. ते दिसलं आणि तुम्ही मराठी किंवा हिंदी नावाची साइट उघडत नसाल, तर बाहेर पडा. (‘डॉट भारत’ हे देवनागरी शेवट असलेले पत्ते २०१४ पासून मिळतात, त्यांचंही आतलं रूप असंच असतं. म्हणजे एक्सएन दिसलं की चोरच, असंही नाही.)

छोट्या केलेल्या लिंकमध्ये खरा पत्ता झाकलेला असतो. क्यूआर कोडमध्येही तेच, चौकटीच्या आत पत्ताच असतो. स्कॅन केल्यावर फोन तो आधी दाखवतो. तिथं थांबून वाचायचा, लगेच ‘उघडा’ दाबायचं नाही. ईमेलमध्ये किंवा एखाद्या पानावर निळ्या अक्षरांत एक लिहिलेलं असतं आणि दाबल्यावर भलतंच उघडतं. त्यावर बोट दाबून धरलं की आतला पत्ता वर येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकसोबत जी चौकट दिसते, चित्र आणि ठळक मथळा, ती कंपनीनं तपासलेली असते असं अनेकांना वाटतं. तसं काही नसतं. ते चित्र आणि तो मथळा त्या साइटवाल्यानंच पुरवलेला असतो. अशोकस्तंभ, मुख्यमंत्र्यांचा फोटो, काय हवं ते लावता येतं. चौकटीच्या खाली फिकट रंगात जो बारीक पत्ता असतो, वाचायचा तो.

एसएमएसचं थोडं बरं आहे. कंपन्या आणि सरकारी खाती मेसेज पाठवतात तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरं असतात, आणि हल्ली त्यांच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक अक्षर येतं. जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे जाहिरात. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ हा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलाय, तर पत्ता वाचायचीसुद्धा गरज नाही.

आणि लिंक राहिली बाजूला, थेट फाइलच आली असेल, ‘पीएम किसान’, ‘ई-चलन’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची आणि शेवटी ‘एपीके’, तर ती दाबू नका. एपीके म्हणजे कागद नव्हे, अ‍ॅप असतं. कुठलंही सरकारी खातं व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅपची फाइल पाठवून दंड वसूल करत नाही. गाडीवर खरंच दंड आहे का ते ‘महाट्रॅफिकईचलन डॉट जीओव्ही डॉट इन’वर गाडीचा नंबर टाकून कळतं.

कुलपाचं काय

‘पण कुलूप दिसतंय की वर’, हे उत्तर सुशिक्षित गिऱ्हाइकांकडून येतं. कुलूप किंवा एचटीटीपीएस याचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्या कुणाला ऐकू येत नाही. समोर बसलेला कोण, याबद्दल कुलूप काही बोलत नाही. चोराशी गुपचूप बोलणं झालं, एवढंच. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र गेली काही वर्षं फुकट मिळतं, त्यामुळं नकली साइटवरही ते असतंच. लोकांचा हा गैरसमज एवढा पसरला होता की क्रोमनं २०२३ मध्ये कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. मात्र एचटीटीपीएस नसेल तर तिथं पासवर्ड किंवा कार्ड नंबर टाकू नका, हे अजूनही खरं.

तरीही शंका राहिली तर

‘हू-इज’ नावाची शोधाची सोय असते. तिथं पत्ता टाकला की तो कधी नोंदवला त्याची तारीख दिसते. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण तारीख पुरते. ‘१९८५ पासून आपल्या सेवेत’ म्हणणाऱ्या कापड दुकानाची साइट गेल्या मंगळवारी नोंदवलेली निघाली की पुढं विचारायला काही उरत नाही. (दुकान जुनं आणि साइट नवी असं होऊ शकतं, पण मग दुकानात फोन करून विचारा.) दुसरं साधन वेबॅक मशीन. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवतेय. एखादं पान पूर्वी कसं दिसायचं ते तिथं सापडतं. निकालाच्या तारखेवरून घरात भांडण लागलं असेल तर फार उपयोगी.

पत्ता खरा निघाला, मजकुराचं काय?

आता दुसरा प्रश्न. यात पत्ता तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतो. आत काय लिहिलंय त्याची हमी तो देत नाही, आणि अनोळखी पत्त्यावरचं सगळं खोटंच असतं असंही नाही.

उजनी धरणाचंच घ्या. उन्हाळ्यात मेसेज फिरतो, ‘उजनी मायनस पन्नास टक्के’. बाहेरगावचा पाहुणा हसतो. शून्याच्या खाली पाणी कसं जाईल? ऑगस्ट-सप्टेंबरात ‘उजनी ११० टक्के’. पुन्हा हसतो. पण दोन्ही आकडे खरे असू शकतात. उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं साधारण ६३.६६ टीएमसी मृतसाठा (तळचं, एरवी न वापरायचं पाणी) आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणून मृतसाठ्याला हात लागला की आकडा उणे होतो, आणि नेहमीच्या पातळीच्या वर थोडं पाणी धरलं की शंभर ओलांडतो. विचित्र दिसतंय म्हणून खोटं, हा निकष उजनीपुढं टिकत नाही. आकडा कशाचा आणि कशाच्या तुलनेत, हे आधी विचारायचं.

उलटा प्रकार व्हिडिओंचा. दिसायला शंभर टक्के खरा, आणि असतोही खरा, पण आजचा नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला, लांबोटीजवळ पुण्याकडं जाणारा महामार्ग बंद करावा लागला. असे व्हिडिओ पुढच्या प्रत्येक पावसात नव्यानं निघतात आणि ‘आत्ताचं दृश्य’ म्हणून कुर्डुवाडीच्या गाडीत बसलेल्या माणसाचा जीव वरखाली करतात. व्हिडिओ थांबवून एक स्क्रीनशॉट घ्या आणि फोटोवरून शोध घेणाऱ्या लेन्समध्ये टाका. जुना असेल तर जुन्या बातम्या वर येतात. पाटी, गाडीचा नंबर, लोकांच्या अंगावर स्वेटर आहे का छत्री, हेही बघा. पेपरच्या कात्रणाचा फोटो असेल तर तारखेची पट्टी कापलेली आहे का बघा. ती मुद्दामच कापलेली असते, असं माझं मत झालंय. ‘उद्या शहराचा पाणीपुरवठा बंद’ या मेसेजमधला ‘उद्या’ कुठल्या वर्षातला, ते महापालिकेच्या पानावर जाऊन बघितल्याशिवाय पिंप भरायला घेऊ नका.

शाळेच्या प्रकल्पासाठी येणाऱ्या मुलांचा घोळ वेगळा. १९३० च्या सोलापूरबद्दल, म्हणजे शहरानं इंग्रजांचा अंमल झुगारला आणि मग मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला त्या वर्षाबद्दल, माहिती काढायची असते. एका पानावर सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं, दुसऱ्यावर चार. मुलं मोजतात: तीन म्हणणारी पानं जास्त, म्हणजे तीन. पण ती पानं उघडून वाचली तर वाक्यच्या वाक्य तेच, स्वल्पविरामासकट. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. अशी दहा पानं असली तरी साक्षीदार एकच. अशा वेळी ज्यावर सगळे स्वतंत्रपणे जुळतात तिथून सुरुवात करायची. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, यात कुठं मतभेद नाही. दिवसांच्या आकड्यासाठी मात्र कोणता दिवस पहिला धरला ते सांगणारं पुस्तक किंवा कागद शोधावा लागतो. तोवर प्रकल्पात ‘तीन किंवा चार दिवस, नोंदींत फरक आहे’ असं लिहिलं तरी गुरुजी मार्क कापणार नाहीत.

विकिपीडियाला हात लावू नका, असं काही शिक्षक सांगतात. मला ते पटत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरचा लेख उघडा, पण वाचून उठू नका. खाली दिलेले संदर्भ उघडा. लेखाच्या वर ‘इतिहास’ असा पर्याय असतो, तिथं कुणी कधी काय बदललं ते दिसतं. एखादी तारीख कालच कुणीतरी बदलली असेल तर तिथं कळतं. ही सोय वर्तमानपत्राच्या साइटवरसुद्धा नसते. सर्चच्या वर हल्ली एआयनं लिहिलेला सारांश येतो. त्याला मात्र नुसतं वाचून पुढं जाऊ नका, शेजारी दिलेली पानं उघडून तेच लिहिलंय का बघा.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक गंमतशीर तुलना प्रसिद्ध केली. इतिहासाचे दहा अभ्यासक, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी, सगळ्यांना अनोळखी साइट पारखायला दिल्या. अभ्यासक आणि विद्यार्थी त्याच पानावर वरखाली फिरत राहिले, रचना बघत, ‘आमच्याबद्दल’ वाचत, आणि बरेच जण फसले. तपासनीस मात्र पान अर्धवट सोडून लगेच नवा टॅब उघडत आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधत. मंगळवार पेठेतला व्यापारी उधारी देण्याआधी गिऱ्हाइकाला ‘तू कसा आहेस’ म्हणून विचारत नाही, शेजारच्या दुकानात विचारतो. हे त्याला कुठल्या विद्यापीठानं शिकवलं नाही. साइटच्या नावापुढं ‘फसवणूक’ किंवा ‘तक्रार’ हा शब्द लावून शोधा. केंद्र सरकारच्या नावानं काही फिरत असेल तर पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाची तपासणी, बघा. राज्याच्या किंवा महापालिकेच्या गोष्टी मात्र तिथं सापडणार नाहीत.

दाबलंच असेल तर

नुसती लिंक उघडली, काही भरलं नाही, काही उतरवून घेतलं नाही, तर बहुतेक वेळा काही होत नाही. पान बंद करा, ‘सूचना पाठवू का’ला होकार दिला असेल तर तो काढून टाका, आणि चहा प्या.

पासवर्ड टाकला असेल तर खऱ्या साइटवर जाऊन तो लगेच बदला. तोच पासवर्ड जिथं जिथं वापरलाय तिथंही. एपीके बसवली असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा. मग ते अ‍ॅप काढा. निघत नसेल तर सेटिंगमध्ये त्याला ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ किंवा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी गेलेली असते, ती आधी काढावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी नाव असेल तर बाहेर काढा, नाहीतर तीच लिंक तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या नातेवाइकांना जाईल.

पैसे गेले असतील तर १९३० ला फोन. सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन; सोलापूरकराला हा आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही, मार्शल लॉचं वर्ष आहे. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वरही नोंदवता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, मधे कुठंतरी अडवता येतात ते लवकर कळवलं तरच. ‘उद्या मुलगा आला की करू’ म्हणून थांबू नका. बँकेलाही लेखी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी स्वतःहून दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी येतं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं असतं. म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवणं महत्त्वाचं.

पैसे गेले नाहीत, पण मेसेज फसवा वाटतोय, तर ‘संचारसाथी डॉट जीओव्ही डॉट इन’वर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथं नंबरासकट कळवा. आणि लाजेनं मेसेज खोडू नका. नंबर, वेळ आणि पूर्ण पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट आधी काढा. पोलीस पहिल्यांदा तोच मागतात.